लाखोळीची डाळ आणि अन्न-सार्वभौमत्वाचा कायदा

महालकर
२ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

गेल्या आठवड्यात पवनीजवळच्या सासुरवाडीहून नागपूरला परतताना आम्ही पाच किलो लाखोळी सोबत आणली. डबा भरता भरता आठवीतल्या नातीने विचारले, ‘ही डाळ विषारी असते ना आजोबा, मग आपण ती का खातो?’ रात्रभर भिजवून वरचे पाणी फेकून देण्याची रीत तिला समजावून सांगितली आणि ती तिला पटली. मला मात्र पुढचे दोन दिवस वेगळाच प्रश्न छळत राहिला. ही डाळ विकायची नाही असे एकदा ठरले आणि मग विकायला हरकत नाही असेही ठरले. या दोन्ही वेळी ती पेरणाऱ्याला आणि खाणाऱ्याला कोणी काही विचारले होते का, आणि विचारलेच पाहिजे असे सांगणारा एखादा कायदा आपल्याकडे आहे का? मी वकील नव्हे, जुने कागद वाचायची सवय जडलेला निवृत्त कारकून आहे. चुकले तर जाणकारांनी दुरुस्त करावे.

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे पिकाविषयी. धान कापणीला दोन-तीन आठवडे उरलेले असतात आणि बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ओल टिकून असते, तेव्हा उभ्या धानातच लाखोळीचे बी फोकून देतात. यालाच उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. धानाला विळा लागतो तोवर खाली बोटभर रोप वर आलेले असते आणि पुढे धसकटांमधून निळी फुले दिसू लागतात. दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा कोनदार असतो. भरडल्यावर मात्र ही डाळ तुरीच्या इतकी जवळ जाते की भेसळ करणाऱ्याचे फावते. दाण्यात ओडॅप नावाचे द्रव्य असते आणि महिनोन्‌महिने हेच मुख्य अन्न झाले तर पायांना कायमचे पांगळेपण येते. त्याला लॅथिरिझम म्हणतात. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत या डाळीच्या विक्रीबंदीची तरतूद झाली आणि राज्यांनी ती आपापल्या अधिसूचनेने लागू करायची होती. काही राज्यांनी ती लागू केलीच नाही, महाराष्ट्राने केली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी आणि त्यांची अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला आणि २००८ मध्ये राज्य सरकारने विक्रीवरील बंदी उठवली. तोवर आमच्या भागातला माणूस पेरायला मोकळा आणि विकायला गुन्हेगार, अशा चमत्कारिक अवस्थेत राहत होता.

आता मुद्द्याकडे येतो. अन्नसुरक्षा आणि अन्न-सार्वभौमत्व हे शब्द वर्तमानपत्रांत अदलाबदल करून वापरले जातात, पण त्यांत फार अंतर आहे. माणसाला पुरेसे अन्न मिळते की नाही, एवढेच सुरक्षेत पाहिले जाते. ते अन्न कोणी पिकवले, कोणाच्या अटींवर पिकवले आणि काय पिकवायचे हे कोणी ठरवले, हे तिच्या हिशेबात येत नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या पिढीने अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली आहे. त्या वर्षी काही प्रमाणात सुरक्षा होती असे म्हणता येईल, सार्वभौमत्व होते असे म्हणायला जीभ रेटणार नाही. ‘व्हिया कंपेसिना’ या शेतकऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय चळवळीने १९९६ मध्ये रोमच्या जागतिक अन्न परिषदेच्या वेळी सार्वभौमत्वाची कल्पना पुढे आणली, आणि २००७ मध्ये माली देशातील सेलिंगे येथे भरलेल्या न्येलेनी मेळाव्याच्या जाहीरनाम्यात तिची व्याख्या झाली: आपली अन्नव्यवस्था आणि शेतीव्यवस्था कशी असावी हे ठरवण्याचा लोकांचा हक्क.

पुढे काही देशांनी हा शब्द थेट कायद्यात घेतला. मालीने २००६ च्या कृषी कायद्यात, इक्वेडोरने २००८ च्या आणि बोलिव्हियाने २००९ च्या राज्यघटनेत त्याला जागा दिली. आपल्या शेजारच्या नेपाळने २०१५ च्या संविधानात कलम ३६ खाली अन्नाचा हक्क, उपासमारीपासून संरक्षणाचा हक्क आणि कायद्यानुसार खाद्य संप्रभुतेचा, म्हणजेच अन्न-सार्वभौमत्वाचा, हक्क असे तीन वेगवेगळे हक्क लिहिले आणि २०१८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. आपल्याकडे २००१ पासून चाललेल्या पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेतून आणि नंतर २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातून धान्य मिळण्याचा हक्क पक्का झाला आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या कायद्यातील माणूस शिधापत्रिका घेऊन रांगेत उभा असलेला माणूस आहे. तो काय पेरतो, काय खातो आणि त्याला काय हवे आहे, हे विचारण्याचे बंधन त्या कायद्याने कोणावरही घातलेले नाही.

असा हक्क आपल्या कायद्यात बसू शकेल का, आणि जागतिक व्यापार संघटनेसारख्या देशाच्या वरच्या पातळीवरील नियमांपुढे तो टिकेल का, याविषयी वाचायला आवडेल.


वैनगंगाकाठ
२ नोव्हेंबर, दुपारी १:५०

आम्ही लाखोरी म्हणतो आणि मी ती आजही पेरतो, म्हणून लिहितो. तुम्ही उतेऱ्याचे वर्णन बरोबर केले आहे, पण ते आता अर्ध्या बांध्यांपुरतेच उरले आहे. बंदीने पेरा जितका घटला नाही तितका हार्वेस्टरने घटला. यंत्र बांधीत उतरले की त्याच्या चाकाखाली ते बोटभर रोप चेंदून जाते, म्हणून ज्याला यंत्राने धान कापायचे आहे तो लाखोरी फोकतच नाही. शिवाय गोसेखुर्द धरणाच्या कालव्याचे पाणी जिथे पोहोचले, तिथे लोक उन्हाळी धानाकडे वळले. धानाला हमीभाव आहे, खरेदी केंद्र आहे, वरून राज्याचा बोनस आहे. लाखोरीला यातले काहीच नाही, कारण ती हमीभावाच्या यादीतच नाही. काय पेरायचे हे कागदावर मीच ठरवतो. प्रत्यक्षात ते खरेदी केंद्र ठरवते, आणि त्यासाठी बंदीचा हुकूम काढावा लागत नाही.


शुश्रूषा
२ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

मी पंचवीस वर्षे वैद्यकीय सेवेत काढली आहेत आणि या विषयावरील भावनिक लिखाण वाचून काळजी वाटते, म्हणून विरोधी बाजू मांडते. लॅथिरिझमने पांगळा झालेला माणूस पुन्हा धडपणे चालू शकत नाही. यावर औषध नाही. अन्न-सार्वभौमत्व म्हणजे परंपरेने खातो म्हणून ते सुरक्षितच, असे होत नाही. कमी ओडॅप असलेले रतन, प्रतीक आणि महातिवडा हे वाण शास्त्रज्ञांनी तयार केले, पण शेतकऱ्याच्या घरचे जुने बी आणि नवे वाण खळ्यावर सहज मिसळतात आणि बाजारात आलेली डाळ कोणत्या बियाण्याची आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. रात्रभर भिजवण्याची रीत घरी पाळली जाते. खानावळीत किंवा बेसनाच्या गिरणीत ती पाळली जाईल याची खात्री कोण देणार?

त्याच वेळी इतिहासातील एक गोष्ट महालकरांच्या बाजूने जाते, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. या रोगाच्या मोठ्या साथी जिथे झाल्या त्या रेवा संस्थानासारख्या भागांत वेठबिगारांना मजुरीच लाखोळीच्या रूपात दिली जात असे. वर्षाचे कित्येक महिने त्यांच्या ताटात दुसरे काही येतच नसे. ज्या जमीनमालकाच्या शेतात ते राबत, त्याच्या ताटात तीच डाळ अधूनमधून असे आणि तो चालताफिरता राहत असे. दाणा तोच, पण एकाला निवड होती, दुसऱ्याला नव्हती. बंदीने दाण्याला शिक्षा केली. मजुरी कशात द्यावी हा प्रश्न वेगळ्या कायद्याचा होता आणि वेठबिगारीविरुद्धचा कायदा यायला १९७६ उजाडावे लागले.


घटनापीठ
३ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

महालकरांचा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडायचा तर आधी अधिकार कोणाकडे आहे ते पाहावे लागेल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती हा राज्यसूचीतील चौदाव्या क्रमांकाचा विषय आहे. अन्नातील भेसळ मात्र समवर्ती सूचीत अठराव्या क्रमांकावर आहे. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीतील तेहतिसावी नोंद रुंदावली आणि अन्नधान्य, खाद्यतेले, तेलबिया, पशुखाद्य, कच्चा कापूस आणि ताग यांचा व्यापार, पुरवठा आणि वितरण हे विषय त्यात आले. परदेशी व्यापार आणि सीमाशुल्काच्या सीमा ओलांडून होणारी आयात-निर्यात हा संघसूचीतील एक्केचाळिसावा विषय आहे. म्हणजे बांधीत पीक उभे असते तोवर ते मुंबईच्या अखत्यारीत, बाजारात आले की मुंबई आणि दिल्ली दोघांच्या, आणि बंदरावर पोहोचले की फक्त दिल्लीच्या. वर कलम २५३ आहेच: आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसदेला कोणत्याही विषयावर, राज्यसूचीतील विषयावरही, कायदा करता येतो. जागतिक व्यापार संघटनेचा शेतीविषयक करार १९९५ पासून लागू झाला, तेव्हा शेती हा विषय ज्यांच्या सूचीत आहे त्या राज्यांची संमती घेण्याची घटनात्मक गरज नव्हती.

कोठारी यांच्या संस्थेचा उल्लेख झाला म्हणून दुसरा एक खटला सांगतो, कारण तो या धाग्याच्या गाभ्याशी आहे. आयोडिनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यावर केंद्राने नियमाने बंदी घातली होती आणि नागपूरची हीच संस्था त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. २०११ मध्ये न्यायालयाने म्हटले की अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा हेतू भेसळ आणि अपायकारक अन्न रोखणे हा आहे. साधे मीठ अपायकारक नाही, त्यामुळे आरोग्यासाठी चांगले म्हणून एखादा पदार्थ लोकांना सक्तीने घ्यायला लावणे त्या कायद्यात बसत नाही. नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरला, तरी सार्वजनिक आरोग्याचा विचार करून न्यायालयाने तो सहा महिने चालू ठेवला आणि नव्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील नियमांत तेच बंधन पुन्हा आले. लाखोळीवरील बंधनाची राज्यनिहाय तरतूदही २०११ च्या त्या नव्या नियमांत आली आहे. या निकालात सरकारच्या अधिकाराची मर्यादा सांगितली आहे, पण काय खावे हे ठरवण्याचा लोकांचा सामूहिक हक्क त्यात कुठेही मान्य केलेला नाही. आपली न्यायालये अन्नाकडे कलम २१ खालील जगण्याच्या हक्कातून पाहतात आणि तो हक्क मुळात एकेका व्यक्तीचा आहे. सार्वभौमत्व हा गावाचा किंवा समूहाचा हक्क आहे. तो मागायला न्यायालयात जाणार कोण आणि कोणाविरुद्ध, हाच पहिला पेच आहे.


इतवारीकर
३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

नागपूरच्या इतवारी बाजारात डाळीच्या व्यापारात आमची तिसरी पिढी आहे. घटनापीठ यांनी तिन्ही सूच्या छान समजावल्या, पण आमच्या बाजारात त्यांपैकी एकच सूची रोज कामाला येते आणि ती म्हणजे बंदराची. पिवळ्या वाटाण्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये पन्नास टक्के आयात शुल्क लागले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते पूर्ण काढले गेले. कॅनडा आणि रशियाचा वाटाणा बंदरात उतरू लागला की येथे चण्याचा भाव आधी थबकतो आणि मग घसरतो, कारण बेसनात चण्याबरोबर वाटाणा चालतो. तुरीचेही तसेच आहे. मोझांबिकशी २०१६ मध्ये करार झाला तेव्हा तुरीचे भाव आभाळाला भिडले होते आणि पुढच्याच हंगामात आपल्याकडे तुरीचे एवढे पीक आले की खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या. करार मात्र पाच वर्षांचा होता.

शेतकरी पेरतो जूनमध्ये आणि शुल्काची अधिसूचना कधीही निघते. एका संध्याकाळी निघालेल्या अधिसूचनेने आमचाही माल गोदामात पडल्या पडल्या स्वस्त झालेला आहे, तेव्हा व्यापारी नेहमीच फायद्यात असतो हा समज सोडून द्यावा. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त डाळ हवी असते आणि सरकारला त्याची नाराजी नको असते. सार्वभौमत्व म्हणता ते कोणाचे, पेरणाऱ्याचे की खाणाऱ्याचे? माझ्या गल्ल्यावर दोघेही रोज उभे असतात आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही.


फुटाळा
४ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

जागतिक व्यापार संघटनेचे नियम लाखोळीच्या आड येतात का, याचे उत्तर बहुतेकांना अपेक्षित नसेल असे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हमीभावाने सरकार खरेदी करते तेव्हा तिला बाजार विस्कटणारी मदत मानले जाते आणि विकसनशील देशाला एका पिकासाठी त्या पिकाच्या उत्पादन मूल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत ती देता येते. मदत मोजताना आजचा हमीभाव आणि १९८६ ते १९८८ या काळातील एक ठरावीक संदर्भ किंमत यांतला फरक धरतात. त्या वेळी नागपुरात चहाचा कप किती पैशांना मिळत होता हे आठवून पाहिले तर या हिशेबातला वेडेपणा ध्यानात येईल. महागाईच चढत गेली तरी कागदावर मदत वाढल्यासारखी दिसते. २०१८-१९ या वर्षासाठी भारताने स्वतःच कळवले की तांदळाच्या उत्पादनाचे मूल्य सुमारे ४,३६७ कोटी डॉलर आणि मदत सुमारे ५०० कोटी डॉलर, म्हणजे अकरा टक्क्यांच्या वर, झाली आहे. मर्यादा ओलांडली, पण २०१३ मध्ये बालीत झालेल्या निर्णयाने ‘शांतता कलम’ मिळाले होते, त्यामुळे खटला भरता येत नाही. हे कलम त्या निर्णयाच्या वेळी अस्तित्वात असलेल्या साठवण योजनांना आहे. नव्या योजनेला ते लागू करून घ्यायचे म्हटले तर वाद होईल.

आता लाखोळी. राज्याने ती हमीभावाने घ्यायला सुरुवात केली तरी दहा टक्क्यांची मुभा आहेच, कारण आज तिला शून्य मदत आहे. आणि चालू बाजारभावाने विकत घेऊन शाळेच्या पोषण आहारात दिली, तर करारानुसार तिच्यावर मर्यादाच नाही. अन्नसुरक्षेसाठीची बाजारभावाने केलेली खरेदी त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात मुक्त ठेवली आहे. म्हणजे जिनिव्हाचे, व्यापार संघटनेचे मुख्यालय आहे तिथले, हात आपल्या बांधीपर्यंत पोहोचतात ते धानाच्या बाबतीत. लाखोळीसाठी काही केले नाही ते मुंबई आणि दिल्लीने, आणि त्याचे खापर जिनिव्हावर फोडता येणार नाही. ज्वारीलाही हेच लागू आहे. अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य लिहिलेले असूनही नागपुरातील माझ्या शिधापत्रिकेवर ज्वारी मिळाल्याचे मला क्वचितच आठवते.


राइनकाठचा
४ नोव्हेंबर, रात्री ११:१५

मी मूळचा नागपूरच्या धंतोलीचा आणि बारा वर्षे जर्मनीत राहतो. देशांच्या वर एखादी सत्ता शेतीचे धोरण ठरवते तेव्हा काय होते, हे येथे रोज पाहायला मिळते. युरोपीय संघाच्या सामाईक कृषी धोरणाची उद्दिष्टे १९५७ च्या रोम करारात लिहिली गेली आणि आजही करारातील कलम ३९ मध्ये ती तशीच आहेत: उत्पादकता वाढवणे, शेतकरी समाजाला वाजवी राहणीमान देणे, बाजार स्थिर ठेवणे, पुरवठा निश्चित करणे आणि ग्राहकाला वाजवी किमतीत अन्न मिळवून देणे. इतवारीकरांच्या गल्ल्यावर उभी असलेली दोन्ही माणसे त्या एका कलमात शेजारी शेजारी बसवली आहेत. साठ-सत्तर वर्षांत त्यांचे येथेही पटलेले नाही.

आधी हमी किमती एवढ्या चढ्या ठेवल्या की लोण्याचे डोंगर साचले आणि ते जगभर स्वस्तात विकून आफ्रिकेतल्या दूधवाल्यांचा धंदा बुडवला. १९९२ च्या सुधारणेत किमती उतरवून शेतकऱ्याला थेट पैसे द्यायला सुरुवात झाली आणि २००३ च्या सुधारणेत ते पैसे काय पेरले यापासून बहुतांशी तोडून जमिनीच्या क्षेत्राला जोडले गेले. परिणाम असा की ज्याची जमीन जास्त त्याला पैसा जास्त. २०२१ ते २०२७ या काळासाठी सुमारे ३८,७०० कोटी युरो ठेवले आहेत आणि तरी जानेवारी २०२४ मध्ये बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या मी स्वतः पाहिल्या. डिझेलवरची सवलत काढणे हे निमित्त होते.

घटनापीठ यांच्यासाठी एक साम्य नोंदवतो. येथे शेती हा संघ आणि सदस्य देश यांचा सामायिक विषय आहे, पण परदेशी व्यापार पूर्णपणे संघाचा. आपल्या सातव्या अनुसूचीसारखेच, बंदर वरच्याच्या हातात. तरीही संप्रेरके टोचलेल्या गोमांसावरील आयातबंदीचा खटला युरोप १९९८ मध्ये हरला तेव्हा त्याने बंदी उठवली नाही. अमेरिका आणि कॅनडाने १९९९ मध्ये लावलेले बदल्याचे शुल्क सोसले. ज्याच्या खिशात तेवढे पैसे आहेत त्याला हे परवडते.

आणखी एक गंमत म्हणा किंवा खंत म्हणा. हा शब्द भूमिहीनांच्या आणि छोट्या शेतकऱ्यांच्या चळवळीने घडवला. २०२२ मध्ये फ्रान्सने तो उचलून आपल्या कृषी मंत्रालयाच्या नावातच घातला. तिथे त्याचा अर्थ बराचसा ‘आपला देश आयातीवर अवलंबून नको’ एवढाच होतो. स्वित्झर्लंडमध्ये छोट्या शेतकऱ्यांच्या संघटनेने अन्न-सार्वभौमत्वाचा प्रस्ताव २०१८ मध्ये सार्वमताला टाकला होता, तो अडुसष्ट टक्के लोकांनी फेटाळला. त्याआधीच्या वर्षी अन्नसुरक्षेचे कलम मात्र मोठ्या बहुमताने घटनेत गेले होते.


महालकर
५ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

सर्वांचे आभार. फुटाळा यांनी जिनिव्हाचे खापर काढून घेतले ते बरेच झाले. मी नकळत तिकडेच बोट दाखवत होतो.

नेपाळविषयी मात्र मला माझेच म्हणणे मागे घ्यावे लागत आहे. २०१५ च्या संविधानात संप्रभुता लिहिली, कायदा केला, आणि जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा त्याच नेपाळला दिल्लीकडे विनंती करावी लागली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीने ९५ हजार टनांची परवानगी दिली. काठमांडूतील कलम ३६ दिल्लीतील एका अधिसूचनेपुढे थांबले. तेव्हा घटनेत शब्द घालून काम होते असे मला आता वाटत नाही. शुश्रूषाताईंचा मुद्दाही मान्य आहे: वाण ओळखण्याची सोय नसताना डाळ बाजारात मोकळी सोडणे हे खाणाऱ्यावर अन्याय करणारे आहे.

तरीही हक्क निरुपयोगी आहे असे म्हणणार नाही. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या पंधराव्या कलमात अन्न-सार्वभौमत्व आहे आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिले आहे. जाहीरनामा बंधनकारक नाही. पण एखादी बंदी घालताना किंवा उठवताना पिकवणाऱ्या गावांची सुनावणी घ्यावी, एवढी प्रक्रिया तरी त्याच्या आधाराने मागता येईल. जमीन संपादन करताना आपण ग्रामसभेला विचारतो. ताट संपादन करताना का विचारू नये?


वैनगंगाकाठ
५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

आपल्याकडे बंधनकारक असलेला एक हक्क कोणी लिहिला नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ खाली मला माझ्या शेतातले बी राखायला, पेरायला, दुसऱ्याला द्यायला आणि विकायलाही परवानगी आहे, फक्त ते नाममुद्रेखाली विकता येत नाही. कंपनीचे संरक्षित वाण असले तरीही. फार थोड्या देशांच्या कायद्यात एवढी सूट आहे आणि व्यापार करारांच्या वाटाघाटींत ती कमी करावी म्हणून दबाव असतो, असे कृषी विद्यापीठाच्या एका शिबिरात आम्हाला सांगितले होते. माझ्या घरी लाखोरीचे बी आजीच्या वेळचे आहे, मडक्यात राखेत ठेवलेले. ताईंच्या दृष्टीने तेच बी धोक्याचे आहे हे मला समजते. पण त्या तीन वाणांचे बी आमच्या तालुक्याच्या कृषी केंद्रात मी दोन हंगाम मागतो आहे आणि मिळालेले नाही. मग मडक्यातले पेरतो.


शुश्रूषा
५ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१०

हे वाचून माझा विरोध थोडा सरकला आहे, हे मान्य करते. सुरक्षित बी उपलब्ध करून न देता डाळीला असुरक्षित म्हणणे योग्य नाही. भिजवताना पाणी कोमट घ्यावे आणि एकदा नव्हे, दोनदा फेकावे, एवढे मात्र नातीला जरूर सांगा. आणि सलग महिनाभर रोज खाऊ नये.


घटनापीठ
६ नोव्हेंबर, सकाळी ९:३५

महालकरांच्या सुनावणीच्या कल्पनेत कायदेशीर तथ्य आहे. अन्नसुरक्षा व मानके कायद्यात नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची तरतूद आहेच. अडचण अशी की तो मसुदा राजपत्रात इंग्रजी-हिंदीत येतो आणि पवनीच्या बांधीपर्यंत पोहोचत नाही. राज्याने अधिसूचना काढताना ग्रामसभांचे म्हणणे मागवावे अशी मागणी विधिमंडळाच्या याचिका समितीकडे करता येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. फक्त मागणी करताना आधी हे सांगावे लागेल की हे पीक किती क्षेत्रावर आहे, किती विकले जाते आणि कोणत्या भावाने. इतवारीकर, तुमच्या बाजारात लाखोळीची आवक नोंदवली जाते का?


इतवारीकर
६ नोव्हेंबर, रात्री ९:५५

प्रश्न वाचून आज दुकानातल्या जुन्या वह्या काढून बघितल्या. बंदी होती त्या काळात वडील या मालाचे नाव पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहीत नसत, ‘इतर कडधान्य’ असे लिहीत. २००८ नंतर लिहायला हरकत नव्हती, पण मुनीमजींच्या हाताला तीच सवय राहिली आणि पुढे संगणक आला तेव्हा त्यांनी तेच नाव त्यात भरले. गेल्या मार्चमध्ये पवनीकडून माझ्याकडे अकरा पोती आली होती, त्यांचीही पट्टी ‘इतर कडधान्य’ म्हणूनच निघाली आहे.


वैनगंगाकाठ
६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

त्या अकरांतली चार पोती माझी होती. पट्टी जपून ठेवली आहे.